फॅशन डिझायनर व्हायचंय? आधी मांजरपाटाचा ब्लाऊज शिवा

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्या वर्कशॉपचा जिना चढून मायलेकी येऊ लागतात. मुलीच्या मोबाइलमध्ये कुणा नटीच्या लेहंग्याचे फोटो असतात आणि आईचा प्रश्न ठरलेला असतो, ‘ताई, हिला फॅशन डिझायनिंग करायचंय. कुठल्या कोर्सला घालू?’ मी दोघींना बसवते, चहा सांगते आणि मुलीच्या हातात मीटरभर मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड, ठेवते. म्हणते, याचा स्वतःच्या मापाचा ब्लाऊज शिवून आण. बाह्या पाहिजेत, हुकपट्टी पाहिजे. येत नसेल तर गल्लीत ज्या काकू शिवतात त्यांच्याजवळ बसून शीक. बिघडला तरी तोच घेऊन ये, मग कोर्सचं बोलू.

मी मूळची इचलकरंजीची. वडील मागावर होते, आई घरी ब्लाऊज-परकर शिवायची. दहावीनंतर मी आयटीआय केलं, मग डिप्लोमा. त्यानंतर बंगळुरूच्या एका एक्स्पोर्ट कारखान्यात सॅम्पल विभागात सात वर्षं आणि मुंबईत एका डिझायनरकडे चार वर्षं काम केलं. आता कोल्हापुरात सहा मशीनं टाकून माझं स्वतःचं काम चालतं. या वाटेवर जे कळलं ते एका ठिकाणी लिहून ठेवावं, म्हणून हे लिहिते आहे.

ब्लाऊजच का?

कुर्ता सैल असतो, चुका पोटात घालतो. ब्लाऊज घालत नाही. छाती, कंबर, पाठ, खांदा, दंड, सगळीकडे तो अंगाला लागून बसतो. बाही लावायची वेळ आली की मुलगी हमखास अडते. मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात त्या जागेची गोलाई आणि बाहीची गोलाई टेपने मोजली तर बाही अर्धा-पाऊण इंच जास्त भरते. नवीन मुलीला वाटतं कटिंग चुकलं, आणि ती तेवढं कापड कापून टाकते. तिथेच ब्लाऊज गेला. तो अर्धा इंच खांद्याच्या गोलाईवर बाही नीट बसावी म्हणून ठेवलेला असतो. खांद्याच्या माथ्यावर धावदोरा घालून, दोरा हलकेच ओढून, चुण्या न पडू देता तो जिरवायचा असतो. हे पुस्तकात चार ओळींत लिहिलेलं असतं. बोटांना कळायला माझ्या सात बाह्या उसवाव्या लागल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे धागा. कापडाचा उभा धागा, आडवा धागा आणि उरेब, म्हणजे तिरकी दिशा. मांजरपाटाचा तुकडा हातात घेऊन तिन्ही दिशांनी ताणून बघा. उभा जवळपास ताणला जात नाही, आडवा जरासा देतो, उरेब चांगलाच ताणला जातो. झग्याचा घोळ अंगावरून ओघळावा असं वाटत असेल तर कापड उरेब धरावं लागतं, आणि तसं धरलं की कापड जास्त जातं, म्हणजे किंमत वाढते. चित्र, शिवण आणि पैसा एकाच तुकड्यात कसे गुंतलेले असतात ते इथे दिसतं. मोबाइलमधल्या फोटोत हे दिसत नाही.

ज्या मुलीला तिसऱ्यांदा उसवतानाही कंटाळा येत नाही, तिने पुढचं जरूर वाचावं. जिला पहिल्याच बाहीला रडू कोसळलं पण दुसऱ्या दिवशी ती परत मशीनवर बसली, तिनेही वाचावं.

आधी ठरवा: नक्की कुठलं काम?

‘डिझायनर’ या एका शब्दाखाली निदान सहा-सात वेगळी कामं चालतात. कारखान्यात पॅटर्न मास्तर असतो. चित्रावरून कागदी पॅटर्न, म्हणजे कापड कापायचा साचा काढणं, मग एका मापावरून सगळी मापं वाढवणं-घटवणं, म्हणजे ग्रेडिंग, हे त्याचं काम. मी ज्या ज्या ठिकाणी काम केलं तिथे मास्तरांचा शब्द डिझायनरच्या बरोबरीचा होता. मुली मात्र या कामाकडे वळत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. गणित बरं असेल आणि हात स्थिर असेल तर यासारखं भरवशाचं काम नाही. आता पॅटर्न संगणकावरही काढतात, पण ज्याने कागदावर काढलाय त्याला संगणकावर चुकलेली रेष लगेच दिसते.

मर्चंडायझर हे दुसरं. ग्राहक कंपनी आणि कारखाना यांच्यामधला दुवा. कापड कधी येणार, रंगाचा नमुना मंजूर झाला का, बटणं कुठे अडकली, जहाज कधी सुटणार, हे सगळं त्याच्या डोक्यात. इंग्रजीत नीट मेल लिहिता आलं पाहिजे आणि फोनवर न चिडता बोलता आलं पाहिजे. पहिल्या नोकऱ्या मला तरी इथेच जास्त दिसतात.

छापाई, विणकाम, रंग यांची आवड असेल तर टेक्स्टाइल डिझाइन. सिनेमा-नाटकाची ओढ असेल तर वेशभूषा. आणि स्वतःचं बुटीक, ज्याबद्दल शेवटी बोलते.

वेशभूषेवरून आमच्या कोल्हापूरच्या भानू अथैया आठवतात. १९२९ साली इथे जन्मल्या, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या, मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढली आणि तिथून कपड्यांकडे वळल्या. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळालं. भारतीयाला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. चित्रकलेच्या दारातूनही इथे येता येतं, हे त्यांचं नाव घेऊन मी आयांना सांगते. आजच्या पिढीतले डिझायनर नचिकेत बर्वे अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत शिकले. वाटा वेगवेगळ्या आहेत, आणि तुमची कुठली हे कामावरून ठरवायचं.

दहावीनंतर

घरची परिस्थिती बेताची असेल तर सरकारी आयटीआयला कमी समजू नका. ड्रेस मेकिंग, सुइंग टेक्नॉलॉजी आणि फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजी हे एकेक वर्षाचे ट्रेड आहेत. प्रवेश ऑनलाइन होतो, फी अगदी थोडी असते आणि वर्षभर रोज मशीनवर बसायला मिळतं. नंतर सीआयटीएस हा प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम केला तर शिकवण्याची नोकरीही मिळू शकते.

दुसरी वाट तंत्रशिक्षण मंडळाच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाची. ड्रेस डिझायनिंग अँड गारमेंट मॅन्युफॅक्चरिंग किंवा फॅशन अँड क्लोदिंग टेक्नॉलॉजी अशी नावं असतात. मी हाच केला. याचा एक फायदा फार कमी पालकांना माहीत असतो. बारावी न करता हा मान्यताप्राप्त डिप्लोमा पूर्ण केलेल्या मुलीला निफ्ट या केंद्र सरकारच्या फॅशन संस्थेच्या पदवीची प्रवेश परीक्षा देता येते. म्हणजे दहावीला घेतलेला निर्णय पुढची दारं बंद करत नाही.

बारावीनंतर

निफ्ट म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी. १९८६ साली सुरू झालेली, केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाखालची संस्था. आपल्याला जवळचा कॅम्पस नवी मुंबईत खारघरला. चार वर्षांच्या बी. डेस., म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी बारावीची कुठलीही शाखा चालते, आर्ट्सही. बी. एफ. टेक. हा कपड्यांच्या उत्पादनाचा अभ्यासक्रम आहे, त्याला बारावीला मॅथ्ससारखे ठरावीक विषय लागतात. वयाची अट खुल्या गटासाठी २४ च्या आत आहे, म्हणून फार वर्षं हातची जाऊ देऊ नका. अलीकडे फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. बारावीच्या मुलीला हे प्रॅक्टिकलच्या ऐन धामधुमीत येतं, तेव्हा तयारी अकरावीतच सुरू झालेली बरी.

चार वर्षांची फी दहा लाखांच्या पुढे जाते, हे आधी घरात बसून मोकळेपणाने बोला. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना फीत मदत मिळण्याची सोय आहे, ती प्रवेशाच्या माहितीपत्रकात नीट वाचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवा. तहसील कार्यालयात जूनमध्ये काय गर्दी असते ते मी सांगायला नको.

बी. डेस.च्या परीक्षेत तीन भाग येतात. एक चित्राचा आणि कल्पनेचा पेपर, एक सामान्य क्षमतेचा पेपर आणि पुढच्या फेरीत सिच्युएशन टेस्ट. त्यात समोर ठेवलेल्या साहित्यातून दिलेल्या विषयावर हाताने वस्तू बनवायची असते. सामान्य क्षमतेच्या पेपरात साधं गणित, तर्क, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी असतं. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही. मराठी माध्यमाच्या मुली इथे घाबरतात. त्यांना मी इंग्रजी वर्तमानपत्रातला रोज एकच उतारा वाचून त्याचं मराठीत सार सांगायला लावते. सहा महिन्यांत भीती जाते.

चित्रासाठी आपल्याकडे एक चांगली सोय शाळेपासूनच आहे. राज्य सरकारच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा जो सराव तिथे होतो तो पुढे थेट कामी येतो. मुलगी सातवी-आठवीत असेल तर आजच चित्रकलेच्या सरांना भेटा. सिच्युएशन टेस्टचा सराव घरातल्या घरात होतो. कागदाचे कप, सुतळी, पुठ्ठा, काड्या समोर ठेवा, घड्याळ लावा आणि ‘पाऊस’, ‘वाट पाहणं’, ‘बाजार’ असा विषय द्या. वस्तू कशी उभी राहते, तोल कसा जातो, डिंक किती वेळात धरतो, हे हातांना आधी माहीत असलेलं चांगलं.

निफ्ट झालं नाही म्हणजे संपलं असं मुळीच नाही. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठ आहे, निर्मला निकेतनचं होम सायन्स कॉलेज आहे. पुण्यात सिंबायोसिसची डिझाइन संस्था आहे, पण तिथल्या खासगी फीचा हिशोब आधी करा. सायन्सच्या मुलींना आमच्या इचलकरंजीच्या डीकेटीईमध्ये फॅशन टेक्नॉलॉजीची इंजिनिअरिंगची पदवी घेता येते. भोवती मागांचा आवाज चालू असताना कापड शिकायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. आर्ट्स-कॉमर्सची पदवी आधीच झाली असेल तर निफ्टचं दोन वर्षांचं फॅशन मॅनेजमेंटचं पदव्युत्तर शिक्षण आहे. मर्चंडायझिंगकडे जायचं असेल तर ते बघा.

पैसे भरण्याआधी मशीनं मोजा

माझ्या धाकट्या मावसबहिणीला एका खासगी संस्थेत वर्षभराच्या कोर्सला घातलं होतं. काचेचं ऑफिस, भिंतीवर फॅशन शोचे मोठाले फोटो. मावशीने पाटल्या मोडून पैसे भरले. तीस मुलींना पाच मशीनं, त्यातली दोन बंद. वर्षाच्या शेवटी फॅशन शो झाला, त्यातले कपडे बाहेरच्या टेलरकडून शिवून आणले होते आणि त्याचा खर्चही मुलींकडूनच घेतला. बहिणीला साधी चेन लावता येत नव्हती. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणून सांगते, प्रवेशाच्या दिवशी नाही तर मधल्याच एखाद्या वारी, न कळवता जा. मशीनं किती आणि चालू किती ते मोजा. कापडाची कड बांधणारं ओव्हरलॉक मशीन आहे का बघा. पॅटर्नचं टेबल उभं राहून काम करण्याइतकं उंच आहे का बघा. शेवटच्या वर्षाच्या मुलीला विनंती करा की तुझा एखादा कागदी पॅटर्न दाखव. तिच्याकडे खोडलेल्या रेषांचा, शिलाईसाठी सोडायची माया लिहिलेला, चुरगळलेला पॅटर्न असेल तर तिथे शिकवतात. नुसत्या रंगीत चित्रांची फाइल असेल तर परत या. सर्टिफिकेट कुणाचं, विद्यापीठाचं, मंडळाचं की त्या संस्थेचं स्वतःचं, हे लेखी घ्या.

पोर्टफोलिओ

मुंबईतल्या मुलाखतीला मी पोर्टफोलिओ म्हणून माझ्या कामाची चाळीस पानांची रंगीत फाइल घेऊन गेले होते. समोरच्या मास्तरांनी ती दोन मिनिटांत चाळली आणि मी घातलेल्या कुर्त्याची बाही उलटी करून आतली शिलाई बघितली. ‘स्वतः शिवलास?’ विचारलं. हो म्हटलं, आणि नोकरी मिळाली. तेव्हापासून मी मुलींना सांगते, पंधरा-वीस पानं पुरे. त्यात तीन-चार कपडे पहिल्या खरडलेल्या चित्रापासून तयार कपड्यापर्यंत दाखवा. मधला मांजरपाटाचा नमुना, त्यावर पेनाने केलेल्या दुरुस्त्या, पॅटर्नचा फोटो, कापडाचा तुकडा चिकटवून त्याखाली नाव, पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, आणि मीटरचा भाव. कपड्याची आतली बाजू दाखवणारा एक फोटो हवाच. सपाट तांत्रिक चित्रं, पुढून आणि मागून, मापांसकट. नटीचा चेहरा रंगवण्यात वेळ घालवू नका.

आपल्या मातीतलं काही त्यात आलं तर उत्तम, पण ते डोळ्यांनी बघून. येवल्याला जाऊन पैठणीचा माग बघा. पदरावरची एक वेल विणायला किती वेळ लागतो ते विणकराजवळ बसून बघितलं की त्या पदराला कात्री लावताना हात थांबतो आणि मग दुसरा विचार सुचतो. खणाचा पन्हा लहान असतो, त्यामुळे खणाचा ड्रेस कापताना जोड कुठे द्यायचा हेच मुळात डिझाइन होतं. इरकल, विदर्भातली करवतकाठी, सोलापूरची चादर, प्रत्येकाचं वजन वेगळं, पडणं वेगळं.

पहिली नोकरी आणि एक महागात पडलेली चूक

शक्य असेल तर पहिली दोन वर्षं सॅम्पल विभागात काढा. पगार थोडा असतो, पण चित्र आलं, पॅटर्न निघाला, नमुना शिवला, नाकारला गेला, दुरुस्त झाला, मंजूर झाला, हा सगळा प्रवास तिथे एका खोलीत घडतो. टेक पॅक वाचायला तिथेच शिकाल. टेक पॅक म्हणजे कपड्याची कुंडली: माप, शिलाई, धागा, बटण, लेबल, सगळं.

कापड आकसतं हे मला नोकरीत शिकवलं होतं. तरी स्वतःचं काम सुरू केल्यावर पहिल्याच मोठ्या ऑर्डरला मी घाई केली. एका शाळेतल्या शिक्षिकांचे साठ सुती कुर्ते होते. कापड न धुता कापलं. पहिल्या धुण्यानंतर फोन सुरू झाले. चव्वेचाळीस इंचांचा कुर्ता पाच टक्के आकसला की दोन इंचांहून जास्त आखूड होतो. साठच्या साठ मी परत घेतले आणि खाली पट्टी लावून दिली. दोन महिन्यांची कमाई त्यात गेली.

आता ठाणाच्या सुरुवातीला पन्नास सेंटिमीटरचा चौकोन पक्क्या शाईने आखते, तुकडा कापून धुते, सावलीत वाळवते, इस्त्री करते आणि पुन्हा मोजते. पन्नासचे अठ्ठेचाळीस भरले तर चार टक्के. उभ्या आणि आडव्या धाग्याला आकडा वेगळा येतो, दोन्ही लिहायचे. पॅटर्न तेवढा वाढवायचा किंवा सगळं कापड आधी धुऊन घ्यायचं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. कुणाचंही कापड असो, ओळखीच्या व्यापाऱ्याचं असो, हे करायचंच.

स्वतःचं बुटीक

मुली कापड आणि शिलाई एवढंच धरतात आणि बुडतात. माझ्या वहीतला एक साधा कुर्ता सांगते. अडीच मीटर कापड १८० रुपयांनी ४५० रुपये. कटिंग-शिलाई २२०. बटण, धागा, लेबल ४०. इस्त्री आणि पिशवी २५. इथपर्यंत ७३५ झाले. यात बिघडलेले आणि न खपलेले नग धरून ७५, भाडं-वीज-फोनचा वाटा १५०. म्हणजे कुर्ता ९६० रुपयांना पडला. नुसते कापड-शिलाईचे ६७० धरून ८५० ला विकणारी मुलगी दिवाळीत खूप विकते आणि मार्चमध्ये भाडं थकवते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तुमचा स्वतःचा पगार अजून यात आलेलाच नाही. तो धरल्यावर मी हा कुर्ता १,४०० च्या खाली देत नाही.

भांडवल कमी असेल तर पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम हा धंदा आहे. प्रशिक्षण, रोजचा भत्ता, साहित्यासाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज. एका कुटुंबातून एकालाच मिळते, तेव्हा नाव कुणाचं द्यायचं ते विचार करून ठरवा.

आणि ज्या बाया मला हळू आवाजात विचारतात, ‘ताई, माझं वय झालं का हो?’, त्यांच्यासाठी. निफ्टच्या पदवीला वयाची अट आहे, आयटीआयला वरची अट नाही. माझ्या वर्कशॉपमधल्या पॅटर्नच्या टेबलावर आज जी उभी असते, तिने चौतिसाव्या वर्षी, दोन मुलं शाळेत घालून, सतरा-अठरा वर्षांच्या मुलींबरोबर बेंचवर बसून आयटीआय केलं. तिची बाही मी तपासत नाही.